सोसू नका, सांगा : खान्देशातील हेपॅटायटिसचे उपचार आणि त्यांचा त्रास

हेपॅटायटिस ‘सी’चे निदान झाल्यावर २०१४ सालापर्यंत डॉक्टर जे सांगत, ते ऐकूनच रुग्णाचे निम्मे अवसान गळून जाई. आठवड्याला एक पेगिलेटेड इंटरफेरॉनचे इंजेक्शन, जोडीला रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या, असे २४ आठवडे; विषाणूचा जनुकीय प्रकार वेगळा निघाला तर ४८ आठवडे. खर्च लाखांत. इंजेक्शन घेतले की रात्री हुडहुडी भरून ताप, दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलेले, महिन्या-दोन महिन्यांत केस विरळ, वजन घटलेले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरलेल्या. आज त्याच आजारावर रोज एक किंवा दोन गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे, आणि सरकारी कार्यक्रमातून मोफत. औषध इतके बदलले. भीती मात्र जुन्या काळातलीच राहिली आहे. ‘बी’ असो की ‘सी’, लोक दोन्हींना सर्रास पांढरी कावीळ म्हणतात, आणि पांढऱ्या कावीळीच्या गोळ्या म्हटले की माणूस दचकतो. सुरू केल्या तरी चार-सहा आठवड्यांत ‘गोळी उष्ण पडते’ म्हणून स्वतःच बंद करतो, आणि बंद केल्याचे डॉक्टरांना सांगायचे टाळतो.

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतला रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून हा सगळा प्रश्न पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. आजच्या गोळ्यांचा स्वतःचा त्रास थोडा आहे. जास्त त्रास गोळीच्या अवतीभवतीच्या गोष्टींतून होतो : अंगदुखीसाठी मारलेली सुई, बाजारातली पुडी, चुकीचे पथ्य, मे महिन्यातले ऊन, घरात कोणी न विचारलेला सिकलसेल. यांतला बराचसा त्रास वेळेवर सांगितला तर टळतो.

कोणत्या कावीळीवर काय उपचार, हे आधी पटकन पाहू. ‘ए’ आणि ‘ई’ हे दूषित पाण्यातून येणारे प्रकार. त्यांवर विषाणू मारणारे औषध सहसा लागत नाही. विश्रांती, अन्न-पाणी आणि लक्ष ठेवणे एवढ्यावर बहुतेक जण बरे होतात. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ झाला तर मात्र तो जिवावर बेततो आणि त्या बाईला तातडीने मोठ्या रुग्णालयातच न्यावे लागते. ‘सी’ रक्तातून येतो, वर्षानुवर्षे गुपचूप राहतो, आणि आज पूर्ण बरा होऊ शकतो. ‘बी’ रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. त्याला लस आहे, पण तो जुनाट झाला की सध्याच्या औषधांनी फक्त काबूत राहतो, म्हणून गोळी वर्षानुवर्षे चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात ‘बी’चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि ‘सी’चे सुमारे ५५ लाख बाधित आहेत. केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. पुढे २४ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईत या आजाराचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला, तेव्हा अमिताभ बच्चन हजर होते. १९८२ च्या अपघातानंतर घेतलेल्या रक्तातून आपल्याला ‘बी’ची लागण झाली आणि यकृताचा मोठा भाग निकामी झाला, हे त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. इतक्या प्रसिद्ध माणसाने हे उघड बोलणे, याचे मोल मला फार वाटते. कारण आपल्याकडे हा आजार सख्ख्या भावालाही सांगितला जात नाही.

इंटरफेरॉनच्या काळाकडे थोडे मागे वळून पाहायला हवे, कारण आजची भीती तिथून आली आहे. हे इंजेक्शन म्हणजे शरीर विषाणूशी लढताना स्वतःच तयार करते त्या द्रव्याची मोठी मात्रा. म्हणून फ्लूमध्ये होते तसे सगळे व्हायचे. अनुभवी डॉक्टर इंजेक्शन रात्री झोपताना घ्यायला सांगत, त्याआधी पॅरासिटामॉलची एक गोळी देत, म्हणजे तापाचा जोर झोपेत निघून जाई. पाणी भरपूर प्या, दर वेळी सुईची जागा बदला, शनिवारी इंजेक्शन घेतले तर रविवार हाताशी राहतो, अशा बारीकसारीक सूचनांवर माणसे २४ आठवडे काढत. हे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तासांचे भारनियमन होते, आणि खान्देशातला उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. फ्रिज असून वीज नाही, अशा घरात हे औषध सांभाळणे हीच एक काळजी होऊन बसे.

त्याहून वाईट त्रास मनाचा होता. इंटरफेरॉनने अनेकांना खरेखुरे नैराश्य येई : झोप उडणे, विनाकारण रडू येणे, घरच्यांवर चिडणे, आणि काहींच्या बाबतीत जीव देण्याचे विचार. घरच्यांना वाटे, आजाराने माणूस चिडखोर झाला. रुग्णाला वाटे, आपलेच मन कमकुवत. हा औषधाचा परिणाम आहे, मात्रा कमी करता येते, नैराश्याचे औषध जोडता येते, हे ज्यांना आधी सांगितले गेले त्यांनी कोर्स पूर्ण केला. ज्यांना सांगितले गेले नाही, त्यांच्यातले कित्येक मध्येच सोडून गेले. त्या माणसांसाठी ही ओळ मुद्दाम लिहितो : तेव्हा कोर्स अर्धवट राहिला असेल, किंवा पूर्ण करूनही विषाणू गेला नसेल, तरी आजच्या गोळ्यांनी तुम्ही बरे होऊ शकता. जुनी फाईल असेल तर ती घेऊन, नसेल तर तशीच, तपासणीला जा.

नव्या गोळ्यांची गोष्ट अशी. सोफोसबुव्हिर हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाले, तेव्हा १२ आठवड्यांच्या कोर्सची किंमत ८४ हजार डॉलर होती. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना परवाने दिले, आणि २०१५ मध्ये २८ गोळ्यांची बाटली सुमारे २० हजार रुपयांना मिळू लागली. पुढे किंमत आणखी खूप उतरली आणि सरकारी कार्यक्रमात ती मोफत झाली. यकृत अजून आक्रसलेले नसेल, म्हणजे सिरॉसिस नसेल, तर सोफोसबुव्हिर आणि डक्लाटासव्हिर १२ आठवडे; सिरॉसिस झाला असेल, पण पोटात पाणी वगैरे नसेल, तर सोफोसबुव्हिर आणि व्हेल्पाटासव्हिर १२ आठवडे; सिरॉसिस पुढे गेला असेल तर त्यालाच रिबाव्हिरिनची जोड, आणि रिबाव्हिरिन झेपत नसेल तर तीच गोळी २४ आठवडे. बरे होण्याचे प्रमाण शंभरात पंच्याण्णवच्या आसपास.

या गोळ्यांचा त्रास किती? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत एका गटाला सोफोसबुव्हिर-व्हेल्पाटासव्हिर आणि दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली गेली. डोकेदुखी औषधाच्या गटात २९ टक्के, औषध नसलेल्या गटात २८ टक्के. थकवा दोन्हीकडे २० टक्के. मळमळ १२ आणि ११ टक्के. हे आकडे मला फार बोलके वाटतात. थकवा खोटा असतो असे यातून म्हणायचे नाही. थकवा खरा असतो, पण तो बहुतेक वेळा आजाराचा, काळजीचा, रक्त कमी असण्याचा, उन्हात राबण्याचा असतो, आणि आपण सगळे गोळीच्या नावावर घालतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधीच आपल्याला काय काय होते ते वहीत लिहून ठेवावे : झोप कशी, भूक कशी, दिवसभर काम केल्यावर संध्याकाळी अंगात किती बळ उरते. पुढच्या महिन्यात डॉक्टर विचारतील तेव्हा ‘हे आधीपासून होते’ आणि ‘हे नवे आहे’ असा फरक सांगता येतो. डॉक्टरांच्या दृष्टीने ही वही एखाद्या महागड्या तपासणीइतकी कामाची असते.

मळमळ होत असेल तर गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी. झोप उडत असेल तर सकाळी न्याहारीनंतर. डोके दुखले तर आधी तांब्याभर पाणी, मग पॅरासिटामॉल. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का, हे फोनवर विचारावे. गोळीची वेळ सरकवायला मुभा आहे, गोळी बंद करायला नाही. इतके बहुतेकांना पुरते.

यापेक्षा महत्त्वाचे आहे ते सोबतच्या औषधांचे. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्याला सोफोसबुव्हिर दिले तर नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. फिट येण्यासाठीचे फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन आणि क्षयरोगाचे रिफाम्पिसिन या गोळ्या ‘सी’च्या औषधाला रक्तात टिकूच देत नाहीत, कोर्स पूर्ण होऊनही विषाणू राहतो. म्हणून टीबी चालू असेल तर बहुधा आधी टीबीचा कोर्स संपवतात. अॅसिडिटीची गोळी, जी आपल्याकडे किराणा दुकानातही मिळते, तिच्यामुळे व्हेल्पाटासव्हिर नीट शोषले जात नाही. दोन्हींमध्ये किती तासांचे अंतर ठेवायचे ते विचारून घ्यावे लागते. मधुमेह असलेल्यांची साखर ‘सी’चा विषाणू गेला की उतरू शकते, इन्सुलिनची जुनीच मात्रा चालू राहिली तर ती खूप खाली जाते आणि घाम, थरथर, चक्कर येते. रुग्ण म्हणतो, ‘कावीळीच्या गोळीने चक्कर येते.’ आणि ज्याला ‘सी’सोबत ‘बी’ही आहे, त्याचा ‘सी’ जाताना ‘बी’ उसळू शकतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये या धोक्याची सर्वांत कडक सूचना या सगळ्या गोळ्यांवर छापायला लावली. ‘सी’चा कोर्स सुरू करताना ‘बी’ची तपासणी झाली का, हा प्रश्न रुग्णाने स्वतः विचारावा.

रिबाव्हिरिन आता थोड्यांनाच लागते, पण त्याच्यावर खान्देशात जास्त बोलायला हवे. हे औषध रक्तातल्या लाल पेशी फोडते. पहिल्या काही आठवड्यांतच हिमोग्लोबिन उतरते; जिना चढताना धाप, छातीत धडधड, ओठ पांढरे. म्हणून दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आठवड्यात रक्त तपासतात आणि हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले की मात्रा कमी करतात. आता सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा आठवा : चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, पलीकडे साक्री आणि नंदुरबार. पावरा आणि भिल्ल समाजात सिकलसेल इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. या आजारात लाल पेशी मुळातच लवकर फुटतात. अशा माणसाला रिबाव्हिरिन देऊच नये, असे औषधाच्या माहितीपत्रकातच स्पष्ट लिहिलेले असते. दुसरी अडचण अशी की सिकलसेल असलेल्याचे डोळे अनेकदा नेहमीच थोडे पिवळे असतात, त्यामुळे हेपॅटायटिसची कावीळ वेगळी ओळखू येत नाही. आणि तिसरी, ज्यांना लहानपणापासून वारंवार रक्त चढवावे लागले त्यांनाच ‘सी’चा धोका जास्त, आपल्याकडे दात्याच्या रक्ताची ‘सी’साठी सक्तीची तपासणी २००१ च्या सुमारास सुरू झाली, त्याआधी रक्त घेतलेली अनेक माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे आणि गावोगाव सिकलसेलची कार्डे वाटली जात आहेत. ते कार्ड कावीळीच्या डॉक्टरांपुढे ठेवायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. दोन वेगळे कार्यक्रम, दोन वेगळ्या खिडक्या, आणि रुग्ण एकच. या दोन खिडक्यांनी एकमेकांशी बोलावे, ही मागणी खान्देशातून जोरात व्हायला हवी. सिकलसेल असला म्हणून उपचार थांबत नाहीत. रिबाव्हिरिन टाळून कोर्स लांबवता येतो.

रिबाव्हिरिनने गर्भात व्यंग होऊ शकते. नवरा-बायकोपैकी कोणीही ते घेत असेल, तर उपचारांच्या काळात आणि नंतरही किमान सहा महिने गर्भ राहता कामा नये. ही गोष्ट बायकोला सांगून नवऱ्याला न सांगण्याची चूक सर्रास होते.

‘बी’चा मामला वेगळ्या स्वभावाचा आहे. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिरची रोज एक गोळी, सरकारी कार्यक्रमात मोफत, आणि ती बहुधा आयुष्यभर. रोजचा त्रास जवळपास काहीच नाही, आणि नेमके तेच संकट होते. काही होत नाही, मग गोळी कशाला, असे वाटून माणूस थांबतो. गोळी अचानक थांबली की दबलेला विषाणू उसळतो आणि काही महिन्यांत गंभीर कावीळ होऊन यकृत बंद पडू शकते. टेनोफोव्हिरचा खरा परिणाम हळू आणि आतून होतो : मूत्रपिंडावर आणि हाडांवर. म्हणून सहा महिने ते वर्षाने क्रिएटिनिनची तपासणी हवी. वाढले तर मात्रा बदलता येते, एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरचाच दुसरा, मूत्रपिंडाला कमी झळ देणारा प्रकार देता येतो. एन्टेकाव्हिर रिकाम्या पोटी घ्यायचे असते, जेवणाआधी आणि नंतर दोन तासांचे अंतर राखून. पहाटे शेतावर निघण्यापूर्वीची वेळ त्याला चांगली. गर्भवतीला विषाणूचे प्रमाण जास्त असेल तर सातव्या महिन्यापासून टेनोफोव्हिर देतात. ‘बाळाला गोळी बाधेल’ ही सासू-सुनेची दोघींची भीती समजण्यासारखी आहे, पण गर्भारपणात या औषधाचा जगभर दीर्घ अनुभव आहे आणि बाळाला वाचवण्यासाठीच ते दिलेले असते. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला ‘बी’ची लस मिळाली पाहिजे, आईने दूध पाजायला हरकत नाही.

अंगदुखीच्या सुईबद्दल आता बोलतो, कारण इथे माझा जीव सर्वांत जास्त तुटतो. कापसाची वेचणी, केळीचे घड वाहणे, वीटभट्टी, ऊसतोड : खान्देशातल्या कष्टकऱ्याचे अंग दुखतेच. तो पॅरासिटामॉलला घाबरतो, कारण ‘त्याने लिव्हर खराब होते’ असे कोणीतरी सांगितलेले असते. आणि मग डायक्लोफिनॅकची सुई टोचून घेतो. वस्तुस्थिती उलटी आहे. यकृताचा आजार असलेल्यालाही दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांपर्यंत पॅरासिटामॉल चालते, अर्थात दारू नसेल तर आणि डॉक्टरांना विचारून. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी मात्र सिरॉसिसमध्ये मूत्रपिंड झटक्यात बंद पडू शकते, जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, आणि टेनोफोव्हिरसोबत त्यांचा मार आणखी वाढतो. सुईचा दुसरा धोका सगळ्यांना ठाऊक हवा. गुजरातमध्ये तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा गावात २००९ साली वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने हेपॅटायटिस ‘बी’ची साथ आली आणि अनेकांचा बळी गेला. धुळ्यातून सुरत-बारडोलीकडे मजुरीला जाणाऱ्या माणसाला हे परक्या मुलुखातले वाटू नये. सांधेदुखीच्या पुड्यांचेही तसेच. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळल्याचे देशात वारंवार उघडकीस आले आहे, आणि स्टेरॉईडने दबलेला ‘बी’ जागा होतो. आठवडे बाजारात घेतलेल्या पुडीने दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला, तर आनंद मानण्याऐवजी ती पुडी डॉक्टरांना दाखवावी.

कावीळीचे गावठी औषध खान्देशाच्या प्रत्येक तालुक्यात आहे : दुधातून दिलेला पाला, नाकात टाकायचे थेंब, गळ्यातली वाढत जाणारी माळ, चुन्याच्या निवळीत हात धुतल्यावर उतरणारे पिवळे पाणी. ‘ए’ची कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. माळेने अपाय नाही. पोटात जाणाऱ्या पाल्याने होऊ शकतो. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा चालू होता. मुंबईच्या डॉक्टर आभा नागराळ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला गंभीर सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि वाद झाला. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. ज्याचे यकृत आधीच सुजलेले आहे त्याने कोर्स चालू असताना कोणताही काढा घेऊ नये, एवढे सर्वांना मान्य व्हावे. आणि घेतला असेल तर तो लपवू नये. डॉक्टर रागावतील म्हणून रुग्ण लपवतो आणि यकृताच्या चढलेल्या एन्झाइमचा दोष सरकारी गोळीवर येतो. डॉक्टरांनीही रागावू नये. रागावलेल्या डॉक्टरला पुढच्या वेळी कोणी खरे सांगत नाही.

पथ्याने होणारे हाल औषधाच्या त्रासापेक्षा मोठे आहेत, असे मला वाटते. कावीळ झाली की घरात हळद बंद, तेल बंद, तूप बंद, वरण बंद. फक्त उसाचा रस, मुळा आणि भात. महिनाभरात माणूस पंधरवड्याच्या उपाशासारखा दिसू लागतो आणि अशक्तपणा गोळीच्या खात्यावर जातो. हळदीचा आणि डोळ्यांच्या पिवळेपणाचा काही संबंध नाही. सिरॉसिसच्या रुग्णाला तर निरोगी माणसापेक्षा जास्त प्रथिने लागतात, वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम, आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खाणे आवश्यक असते, कारण आजारी यकृतात रात्रभर पुरेल इतकी साखर साठत नाही. कळण्याची भाकरी आणि घट्ट वरण, उडदाची डाळ, दही, चालत असेल तर अंडे : खान्देशी स्वयंपाकात हे सगळे आहे. उघड्यावरचा, बर्फ घातलेला उसाचा रस मात्र ‘ए’ आणि ‘ई’ची नवी लागण देऊ शकतो.

पोटात पाणी झालेल्यांचे पथ्य वेगळे आहे आणि तिथे खान्देशी ताट अडचणीत आणते. दिवसभरात चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ एवढीच मर्यादा. आणि आपल्याकडे शेवभाजी, ठेचा, पापड, लोणचे, कुरडया. भाजीत मीठ कमी केले आणि ताटात पापड ठेवला तर उपयोग नाही. मीठ सोडले म्हणून बाजारातले कमी सोडियमचे मीठ घेणे त्याहून धोक्याचे, कारण त्यात पोटॅशियम असते. पोटातले पाणी उतरवण्यासाठी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन रक्तातले पोटॅशियम वाढवते. आणि इथे रावेर-यावलची केळी येतात. एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. बाकीच्यांना केळे उत्तम आहे. पण स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने, विशेषतः क्रिएटिनिन वाढलेले असेल तर, दिवसाला किती केळी खायची ते विचारूनच ठरवावे. घरची बाग असलेल्या माणसाला हे सांगावेच लागते, कारण तो केळ्याला खाणे म्हणून मोजतच नाही.

याच रुग्णांना लॅक्ट्युलोजचे गोड पातळ औषध देतात. पोट फुगते, वायू होतो, दिवसातून दोन-तीनदा शौचाला जावे लागते. लग्नाला जायचे, एसटीने प्रवास करायचा म्हणून लोक ते दोन दिवस बंद ठेवतात, आणि तिसऱ्या दिवशी माणूस गुंगीत, बरळत दवाखान्यात येतो. दोन-तीन मऊ जुलाब हा त्या औषधाचा त्रास नाही, तेच त्याचे काम आहे. प्रवास असेल तर वेळ बदलून घ्यावी. स्त्रियांना तर घरात शौचालयाची सोय कशी आहे, हे विचारूनच हे औषध लिहून द्यायला हवे.

उन्हाळ्याबद्दल वेगळे लिहायला नको, पण लिहितो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो. पाणी उतरवण्याच्या गोळ्या, त्यावर घाम, त्यावर जुलाब, असे तिन्ही जमले की रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंड अडचणीत येते. या काळात डॉक्टरांनी मात्रा पुन्हा तपासावी, रुग्णाने रोज सकाळी वजन करावे आणि एका दिवसात किलोभर फरक पडला तर कळवावे. गोळ्यांची बाटली पत्र्याच्या छपराखाली फडताळात ठेवू नये. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगतच्या कप्प्यात ठेवावी.

टीबीच्या औषधांनीही कावीळ होते, हे जवळचेच प्रकरण. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतावर ताण देतात, आणि आधीच ‘बी’ किंवा ‘सी’ असेल किंवा मोहाची दारू चालू असेल तर जास्त. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, ती कावीळ नव्हे. पण भूक मेली, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून रुग्णालय गाठावे.

आता व्यवस्थेचे. धुळ्यात चक्करबर्डीचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि जळगावात २०१८ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, लोकांच्या तोंडी अजूनही ‘सिव्हिल’ असलेले रुग्णालय, या दोन ठिकाणी चौकशीला सुरुवात करावी. गोळी मोफत आहे, पण दर महिन्याला बुडणारी रोजी, एसटीचे भाडे आणि रांगेतला दिवस मोफत नाही. पंजाबने २०१६ मध्ये ‘सी’चे उपचार जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेले आणि हजारोंना बरे केले, इजिप्तने सगळ्या देशाची तपासणी केली. दोन्हीकडे साध्या रुग्णाला मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे जावे लागले नाही. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्ताचा नमुना घेणे, गोळ्यांची पुढची बाटली देणे आणि ‘काही नवे होते का’ हे विचारणे, एवढे झाले तरी निम्मी गळती थांबेल असे मला वाटते. ऊसतोडीला किंवा सुरतेला जाणाऱ्याला तीन महिन्यांच्या बाटल्या एकदम द्याव्यात. आणि समुपदेशकाला अहिराणी किंवा पावरी यावी. ‘कसं वाटतंय’ या प्रश्नाला माणूस पुस्तकी मराठीत ‘बरं आहे’ एवढेच उत्तर देतो. स्वतःच्या बोलीत विचारले तर पाय जड होतात, तोंड कडू पडते, रात्री डोळा लागत नाही, हे सगळे बाहेर येते.

कोर्स संपल्यावर एक काम उरते. शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी ‘सी’च्या विषाणूची रक्ततपासणी करावी लागते, तिच्यात विषाणू सापडला नाही तरच आजार गेला असे धरतात. त्रास संपला म्हणून अनेक जण ही तपासणी करतच नाहीत. ती करा, आणि तिचा कागद जपून ठेवा. कारण ‘सी’ची साधी अँटिबॉडी तपासणी बरे झाल्यानंतरही आयुष्यभर पॉझिटिव्ह येते. उद्या शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नोकरीच्या तपासणीत कोणी ‘तुम्हाला पांढरी कावीळ आहे’ म्हटले, तर तो कागद दाखवा आणि विषाणूची तपासणी पुन्हा करून मागा.